तीस फेब्रुवारीची माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चार लाख अठरा हजार चारशे सहा माणसं घेऊन निघाले. संध्याकाळी पलीकडे मोजली तर दोन लाख एकतीस हजार भरली. बाकीची वाटेत कुठं गेली, देव जाणे.

ही वही सुरू करायचं कारण तेच. डोक्यात इतके आकडे झालेत की कुठंतरी उतरवायला हवेत, नाहीतर झोपेत बडबडेन. आमच्या डोळ्यांच्या रुग्णालयात बावीस वर्षं एक जुनी सिस्टीम चालली. आता नवी आली आहे. जुनीतल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी नवीत नेऊन ठेवायच्या, एवढ्यासाठी मला सहा महिन्यांकरता कामावर घेतलंय. सतरा तारखेला जुनं यंत्र बंद करणार. जे तोवर पलीकडे पोचणार नाहीत, ते रुग्णालयाच्या लेखी जन्मलेच नाहीत.

नव्या सिस्टीमच्या कंपनीने एक माणूस पाठवलाय. प्रत्येक वाक्यात ‘फटाफट’ म्हणतो, म्हणून मी त्याचं नाव फटाफट ठेवलंय. त्याने सांगितलं, नवी सिस्टीम एका वेळी हजार नोंदी घेते. हजारात एक जरी बिघडलेली निघाली तर सगळ्या हजारांना परत हाकलते. आणि हाकलताना तोंडातून शब्द काढत नाही. मी दिवसभर पुढे सरकणारी पट्टी बघत खुशीत बसले होते. शहाणी!

या नोंदींत एक यादी आहे. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा बदलून हवाय अशा अकराशे लोकांची. कुणी जाताना डोळे देऊन गेलं की यादीतल्या पुढच्याला बोलावतात. आमची आई त्या यादीत आहे, पाचवं वर्ष. नोकरीला लागताना मी लिहून दिलंय की घरच्यांची नोंद उघडणार नाही. उघडलीही नाही. आई म्हणते, “नंबर लागेल तेव्हा लागेल, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.” तिला सगळं दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं दिसतं. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. आज घरी आले तर साखरेचा डबा शोधत बसली होती. डबा नेहमीच्याच जागी होता. काढून दिला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हजारांचा गठ्ठा मोडला. आता एकेक नोंद पाठवायची. हळू जातं, पण एकापायी नऊशे नव्व्याण्णवांना शिक्षा होत नाही.

दिवसभर आकडा वाढताना बघत होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं, कीबोर्डवरून सरकत गेलं आणि भिंतीवर चढलं. मधेच माझी समाधी लागली. मला एक लांबलचक पूल दिसायला लागला. पुलावरून माणसं चाललीत, एकामागे एक, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी. कुणी घाई करत नाही. पलीकडच्या टोकाला एक चौकीदार बसलाय, तो फक्त तारीख विचारतो आणि आत सोडतो. पाण्याचा आवाज येत नव्हता, पण खाली पाणी आहे हे मला माहीत होतं.

“मॅडम, झोपलात का?” फटाफटने विचारलं.

“मोजतेय,” मी म्हटलं.

संध्याकाळी पलीकडे चार लाख अठरा हजार एकशे सहासष्ट. दोनशे चाळीस कमी. कालच्या मानाने स्वर्गच!

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोनशे चाळीसांतले सत्तावन्न सापडले. घोडं कुठं अडलं होतं? स्वल्पविरामात! “निळा दरवाजा, दुसरा मजला” असा पत्ता कुणीतरी नीट लिहिला, आणि नवी सिस्टीम स्वल्पविराम दिसला की पुढच्या रकान्यात उडी मारते. म्हणून दुसरा मजला फोनच्या रकान्यात आणि फोन जन्मतारखेच्या रकान्यात. कपाळावर हात मारला. पत्ते अवतरणचिन्हांत बांधून पाठवले, सत्तावन्नच्या सत्तावन्न गेले.

उरले एकशे त्र्याऐंशी. सगळे पडद्याच्या यादीतले. आणि सगळ्यांच्या ‘पाळीची तारीख’ या रकान्यात (रांगेतला नंबर हिच्यावरूनच लागतो) एकच गोष्ट. वर्षं वेगवेगळी, पण दिवस एकच: तीस फेब्रुवारी.

मी तीनदा डोळे चोळले. चुकून एकदा पडेल, दोनदा पडेल. एकशे त्र्याऐंशी वेळा कोण चुकतं?

जुन्या सिस्टीमला कॅलेंडर कळत नाही. तिथं तारीख म्हणजे नुसती अक्षरं, काहीही लिहा. नवीला कळतं. ती म्हणते असा दिवस नसतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फटाफटने तीन उपाय सांगितले, फटाफट. एक, ही माणसं सोडून द्या. दोन, सगळ्यांना आजची तारीख टाका. तीन, सगळ्यांना सन एकोणीसशेचा एक जानेवारी टाका.

मी म्हटलं, “सोडली तर यादीतून गेली. आजची टाकली तर रांगेच्या शेवटी. एकोणीसशेची टाकली तर सगळ्यांच्या पुढे. अहो, ही रांग आहे, पत्त्यांचा डाव नाही!”

“मॅडम, एकशे त्र्याऐंशीच तर आहेत. चार लाखांत किती टक्के होतात, काढा.”

“तुम्ही या टक्क्यांत असता तर काढले असते का?”

तो ओशाळला. वाईट नाही तो माणूस, फक्त त्याला पुढच्या कामाला जायचंय. माझी जीभ मात्र आवरायला हवी.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. आईचे केस विंचरून दिले. तिला भांग नीट पाडता येत नाही आताशा. (खालच्या मजल्यावरची शिक्षिका मात्र म्हणते, तू कामावर असतेस तेव्हा तुझी आई एकटी बाजारात जाऊन येते. कुणा दुसरीला बघितलं असेल.)

जेवताना तिला एकशे त्र्याऐंशी जणांबद्दल सांगितलं. नावं नाही, नुसती गंमत म्हणून. तिचा घास हातातच राहिला.

“मग ती माणसं यादीतून जातात का?”

“मी आहे ना. अशी कशी जातील?”

“तू नको गं भांडूस कुणाशी. नोकरी नवी आहे.” मग थोड्या वेळाने हसून म्हणाली, “तीस फेब्रुवारी. छान दिवस असेल.”

“कसा असेल?”

“निवांत. कुणाला कुठं जायचं नसेल. दारं उघडी टाकून सगळे आपापल्या पायरीवर बसलेले असतील. आणि घड्याळं असतील, पण त्यांच्याकडे कुणी बघत नसेल.”

दुपारभर आम्ही दोघी त्या दिवसातच बसून होतो म्हटलं तरी चालेल. मधेच फोन वाजला, तो तिने नेहमीसारखा धावत जाऊन उचलला. नेहमीसारखंच कुणीतरी काहीतरी विकत होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

त्या नोंदींना शेवटी एक ‘शेरा’ असा रकाना आहे. त्यात नुसता चिखल: चौकोन, बाण, प्रश्नचिन्हं, मधेच एखादं इंग्रजी अक्षर. फटाफट म्हणतो कचरा आहे, उडवा. मला नाही वाटत. कचऱ्यात इतक्या नीट जागा सुटत नाहीत. शब्द, जागा, शब्द, जागा, शेवटी टिंब. कुणीतरी वाक्यं लिहिली आहेत ही.

जुन्या काळी मराठी टाइप करायचे ते एका खास फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसायचं, पण पोटात भलतीच अक्षरं साठायची. तो फॉन्ट गेला की उरतो चिखल. कोणत्या अक्षरामागे कोणतं, हा तक्ता मिळाला तर सगळं परत वाचता येईल. तक्ता कुठं आहे? कुणालाच माहीत नाही. नोंदणीच्या टेबलावर बावीस वर्षं एक मावशी बसायच्या, त्या चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या, एवढं कळलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मावशींच्या घरी जाऊन आले. छोटी खोली, खिडकीत कुंड्या, टेबलावर विणकाम. मी नाव सांगितलं तशा त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

“आई कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे,” मी म्हटलं. जुन्या लोकांची ही रीत मला आवडते, आल्यागेल्याच्या आईची चौकशी करतात.

तीस फेब्रुवारी म्हटल्याबरोबर त्या गालातल्या गालात हसल्या. “सापडलं का तुला? अगं, ती माझी युक्ती. पाळी आली की यंत्र आपोआप नाव पुकारायचं. माणूस ‘आत्ता नको’ म्हणाला तर एक नकार. दुसऱ्यांदा नको म्हणाला की नाव कायमचं कटाप. आता मला सांग, कुणाची बायको दवाखान्यात आहे, कुणी म्हणतं रांगेत माझ्या मागे आहे त्या पोरीला आधी द्या. त्यांना कापायचं? मग मी त्यांना अशा दिवशी नेऊन ठेवलं जो यंत्राला सापडणारच नाही. यादीत आहेत, पण यंत्राच्या हाती लागत नाहीत. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतः एकेकाला फोन करायची. आता जमेल का, आता येता का.”

“आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर?”

“सांगून आले होते की.”

“कुणाला?”

मावशींची सुई थांबली. “माझ्या जागी येईल त्याला सांगा म्हणून सांगितलं होतं.”

त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, हे मी सांगितलं. चौदा महिने एकशे त्र्याऐंशी माणसं फोनकडे कान लावून बसली आहेत, आणि आपण पाळी सोडली होती म्हणून कुणी विचारायलाही आलं नाही. मावशी रडल्या. मी कुंड्यांना पाणी घातलं.

तक्ता त्यांना पाठ होता. मी एकेक चिन्ह दाखवलं, त्यांनी अक्षर सांगितलं. निघताना त्यांनी माझा हात धरला. “शेरे वाचशील ना, तेव्हा सावकाश वाच.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तक्ता लावून छोटा प्रोग्राम लिहिला. दुपारी तीनला चालवला. चिखल निवळला.

“बायको आजारी. आधी तिचं होऊ दे म्हणतात.”

“मागच्या नंबरच्या शिंपीणबाईंना द्या म्हणाले. तिची पोरं लहान आहेत.”

“भीती वाटते. दोघी खूप वेळ बोललो. पुढच्या महिन्यात परत विचारणे.”

“नवरा नुकताच गेला. कुणाचे तरी डोळे घेणं आत्ता मनाला पटत नाही.”

एकामागून एक येत होती. पुलावरची माणसं आता बोलायला लागली होती. ऑफिसात पंखा चालू होता, कुणीतरी कागद फाडत होतं, आणि मला वाटत होतं मी एका फार मोठ्या शांत अंगणात उभी आहे आणि सगळे हळू आवाजात आपापलं कारण सांगताहेत. मी सावकाश वाचत होते, मावशींनी सांगितल्यासारखं.

चौऱ्याण्णवावी ओळ. या फाइलीत नाव नाही, नुसता क्रमांक, तारीख, फोन, शेरा. शेरा आधी वाचला.

“मुलगी संसार मोडून घरी परत आली आहे. दिवसभर भिंतीकडे बघत बसते, पण आईला काही लागलं की उठते. मला दिसायला लागलं तर तिच्या हाताला काम उरणार नाही, म्हणतात. ती सावरली की कळवीन म्हणाल्या.”

वर्ष तीन वर्षांपूर्वीचं. फोन आमच्या घरचा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काही लिहवत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहायला हवं.

काल फटाफट परत म्हणाला, एकोणीसशेचा एक जानेवारी टाकून मोकळ्या व्हा. आणि मी, सात तारखेला त्याच्यावर तुटून पडलेली मी, बोट कीबोर्डवर ठेवून पाच मिनिटं बसले. एक कळ दाबली की आई सगळ्यांच्या पुढे. पुढचा पडदा येईल तो तिचा. कुणाला कळणार होतं? मला दाबायची होती. खोटं कशाला बोलू, फार दाबायची होती.

उठले आणि मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, चौऱ्याण्णवाव्या ओळीसकट. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नाव नोंदवलं, ती तारीख कागदी केसपेपरवर असणार,” ते म्हणाले. “तीच टाका. जिथं होते तिथं परत बसवा. आणि प्रत्येकाला फोन करून विचारा. त्यांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय कुणाला बोलवायचं नाही, आणि नकार मोजायचे नाहीत. नव्या सिस्टीममध्ये ‘थांबलेले’ असा वेगळा रकाना करून घ्या.”

“आईचा नंबर कितवा येतो ते मी बघितलेलं नाही.”

“बघू नका. त्यांचा केसपेपर मीच काढतो.”

काल आणि आज दोन दिवस केसपेपरांच्या खोलीत होते. तिथल्या कारकुनाने न कुरकुरता एकशे ब्याऐंशी कागद शोधून दिले. धुळीने दोघंही शिंकून बेजार.

आज काम लवकर संपलं. घरी आले, किल्ली हळूच फिरवली. आई आत गुणगुणत होती. मी दारातच उभी राहिले. तिने वाळलेले कपडे घडी करून कपाटात लावले, माझे माझ्या खणात, तिचे तिच्या. कपाटावरचा डबा उतरवला, सुई घेतली, तिकडे न बघता बोटांनीच चाचपून एका दमात दोरा ओवला आणि माझ्या कुर्त्याचं बटण लावलं. मग माझ्या पर्सची चेन वाजली. आई झटकन खुर्चीत जाऊन बसली.

“आलीस का गं? बरं झालं. माझी चप्पल कुठं गेली कोण जाणे, कधीची शोधतेय.”

चप्पल खुर्चीखाली होती. मी शोधून दिली. दुसरं काय करणार होते? तीन वर्षं मला वाटत होतं, मी हिला सांभाळतेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दहाला एकशे त्र्याऐंशी नोंदी खऱ्या तारखा घेऊन निघाल्या. दहा वाजून चार मिनिटांनी सगळ्या पोचल्या. इकडे चार लाख अठरा हजार चारशे सहा, तिकडेही तेवढ्याच. फटाफटने टाळी दिली. “मॅडम, मानलं तुम्हाला. सावकाशसुद्धा होतं काम!”

जुनं यंत्र दुपारी बंद केलं. बावीस वर्षांची घरघर थांबल्यावर खोली एवढी मोठी वाटायला लागली की आम्ही दोघंही कुजबुजत बोलत होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन सुरू केले. मावशी आल्या होत्या, पण म्हणाल्या, “तू कर, मी ऐकते.” ओळीने करायचं ठरवलं, कुणाला पुढे नाही, कुणाला मागे नाही. एक म्हातारे म्हणाले, “एवढ्या दिवसांनी आठवण आली का आमची?” आणि नंतर पाच मिनिटं आशीर्वादच देत बसले. ज्यांची बायको आजारी होती त्यांनी सांगितलं, तिचं झालं, छान झालं, आता माझं करा. भीती वाटणाऱ्या बाईंना अजूनही वाटते. ‘थांबलेले’मध्ये ठेवलं, पुढच्या महिन्यात विचारीन. शिंपीणबाईंना पाळी दिलेला माणूस ओक्साबोक्शी रडला.

साडेतीनला चौऱ्याण्णवावी ओळ आली. मावशी विणकाम घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

एका घंटीत उचलला. मी इतरांना म्हणत होते तेच म्हटलं, त्याच आवाजात. “डोळ्यांच्या रुग्णालयातून बोलतेय. तुम्ही तीन वर्षांपूर्वी पाळी सोडली होतीत. आता यादीत परत यायचंय का?”

पलीकडे आमचं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

“हे रुग्णालय विचारतंय,” आई हळूच म्हणाली, “की माझी मुलगी?”

“रुग्णालय.”

“मग रुग्णालयाला सांगा, मुलीला विचारून कळवते.”

“मुलगी हो म्हणतेय, आई.”

मग नाक ओढल्याचा आवाज आला. “तू वाचलंस ते.”

“वाचलं.”

“रागावलीस?”

“खूप. तीन वर्षं साखरेचा डबा शोधायला लावलास मला!”

आई हसली. रडतही होती बहुतेक, मला नीट सांगता येणार नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. “आणि मला दिसायला लागल्यावर तू काय करशील गं दिवसभर?”

“मावशींची खुर्ची रिकामी आहे. डॉक्टर म्हणालेत, बसा. अजून एकोणनव्वद फोन करायचेत.”

“एकोणनव्वद?” आईचा आवाज एकदम बदलला, शेजारणीला दार लावून घ्यायला सांगते तसा. “मग हो लिही माझं. आणि ठेव फोन आता, ती माणसं खोळंबली असतील.”